बिडी न पिता बसणारी

माझ्या वडिलांनी सिगारेट सोडली तेव्हा स्टील प्लांटच्या टाउनशिपमधली, सेक्टर दोनची आमची अख्खी स्ट्रीट त्यांच्या मदतीला आली होती. ते प्लांटच्या ऑफिसात क्लार्क होते. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून आता बंद करा म्हणून सांगितलं, आणि आमच्या घरात लग्नघरासारखी धावपळ सुरू झाली. आई फुटाणे आणि बडीशेप छोट्या डबीत भरून त्यांच्या पिशवीत ठेवू लागली. समोरच्या क्वार्टरमधले काका रोज संध्याकाळी त्यांना फिरायला घेऊन जायचे, कारण संध्याकाळचा चहा झाला की बाबांचा हात आपोआप खिशाकडे जायचा. ऑफिसातल्या साहेबांनी त्यांचं टेबल सिगारेट ओढणाऱ्या मंडळींपासून लांब हलवलं. डॉक्टर मधूनमधून घरी फोन करायचे. बाबांनी दोनदा पुन्हा ओढली. एकदा गावाकडे कुणी वारलं तेव्हा, आणि एकदा काहीच कारण नसताना. आई रडली. काका तिला म्हणाले, "होते असं वहिनी. उद्यापासून पुन्हा चालू करू." हा माणूस सोडणाऱ्यातला नाही, असं मात्र कुणीच म्हटलं नाही. बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, आणि चहाला आता पूर्वीची चव नाही म्हणून शेवटपर्यंत कुरकुरत राहिले.

मी तेव्हा कॉलेजात होते. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच होत असेल.

पुढे आमच्याच शहरात, सुपेल्याच्या बाजारामागे एका ट्रस्टच्या धर्मादाय दवाखान्यात मला नोकरी लागली. छातीच्या रुग्णांना बिडी-सिगारेट सोडायला मदत करायची, हे माझं काम. त्यासाठी जुन्या सामानाची एक खोली रिकामी करून दिली होती. तिला एक खिडकी होती आणि खिडकीतून वेल्डिंगच्या दुकानाचा आवाज दिवसभर यायचा. येणारे रुग्ण म्हणजे ऑटोवाले, भाजीवाले, ठेक्यावर काम करणारे फिटर, हमाल, आणि रेजा, म्हणजे बांधकामावर डोक्यावरून विटा-रेती वाहणाऱ्या बाया.

डॉक्टर माझ्यापेक्षा वयाने लहान होते. कामसू होते, वाईट माणूस तर मुळीच नव्हते. त्यांच्या दारापुढची रांग गेटच्या बाहेर रस्त्यापर्यंत जायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समजावलं की या लोकांवर जास्त वेळ घालवू नका, हे सोडत नाहीत. दोन मिनिटं बोला, पत्रक द्या, पुढचा पेशंट घ्या. पत्रकावर काळ्या फुप्फुसाचं चित्र होतं. ते पाहून बाहेर पडलेला माणूस गेटवरच बिडी पेटवायचा, कारण घाबरल्यावर तो आयुष्यभर हेच करत आला होता.

"हे लोक म्हणजे कोणते लोक?" मी विचारलं.

ते थोडे ओशाळले आणि म्हणाले की मॅडम, तुम्हाला माहीत आहे. मला माहीत होतं, म्हणूनच तर राग आला होता. माझे वडील त्या लोकांतले नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी साहेबाने टेबल हलवलं. त्या संध्याकाळी घरी जाताना मी स्कूटीवर बसल्या बसल्या ठरवलं की पत्रक वाटायचं नाही. एकेका माणसाला बसवायचं, तो जितका वेळ बोलेल तितका वेळ ऐकायचं, फोन करायचे, गरज पडली तर घरी जायचं. ट्रस्टच्या सेक्रेटरींना ते पसंत पडलं नाही. त्यांना माझी खोली शुगर तपासणीसाठी हवी होती. कुणी खरंच सोडून दाखवलं तर बघू, असं त्यांनी हसत हसत सांगितलं, आणि मी त्या हसण्याकडे दुर्लक्ष केलं नाही.

मावशी आली ती त्याच दिवसांत. मावशी मी म्हणायची, नात्याची नव्हती. पन्नाशीच्या आसपासची, सुकलेल्या अंगाची, लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. खोकला तिच्या आधी दारातून आत यायचा. डॉक्टरांनी तपासलं, आणि बिडी पिते कळल्यावर त्यांच्या तोंडून निघून गेलं की बाई असून बिडी? रांगेतले दोघे-तिघे हसले. मावशीने औषधाची चिठ्ठी टेबलावरच ठेवली आणि उठून चालायला लागली.

मी तिच्या मागे गेले. गेटबाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी तिला गाठलं आणि हिंदीत थांबवायला लागले. ती चालता चालता स्वतःशीच मराठीत काहीतरी पुटपुटली, म्हणून मीही मराठीत हाक मारली. ती थांबली.

"मले समदं मालूम हाय," ती म्हणाली. "फेफडे जळून राहिले, मरून जाशीन, बाई असून बिडी पेते. अजून काही असन तं सांगा."

"मी त्यातलं काहीच सांगत नाही मावशी. सकाळची पहिली बिडी तुमी कवा पेता, तेवढंच सांगा."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी आमच्याकडच्या का?"

माझी आई भंडाऱ्याची, असं मी सांगितलं. ती गोंदियाकडची निघाली. रसवाल्याने बाकडं पुसून दिलं आणि आम्ही तिथेच बसलो. लहानपणी ती आईबरोबर घरी बिड्या वळायची. तेंदूच्या पानाचा वास तिला आईच्या पदराचा वास वाटायचा. लग्न होऊन इकडे छत्तीसगढात आली, नवरा ठेक्यावर मजूर होता, तो गेला. आता बाजारामागच्या वस्तीत मुलीसोबत राहत होती. मुलगी साड्यांना फॉल-पिको करायची आणि आईच्या बिडीची तिला लाज वाटायची. "लाज वाटते तं वाटू दे," मावशी म्हणाली. "तिच्या लाजेनं माही बिडी सुटत नाही." हे ऐकून मला ती फार आवडली. तिला लाज वाटत नव्हती, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाला आधी लाजेचाच डोस पाजलेला असायचा.

ती येऊ लागली. सुरुवातीला दवाखान्याच्या वेळेत, मग कामावरून परत जाताना. सकाळची बिडी सगळ्यात आधी सुटली. त्या वेळी ती मला फोन करायची आणि चूल पेटेपर्यंत काहीबाही बोलायची. मी इकडे डबे भरत असायची, फोन खांद्यावर दाबून. नवरा विचारायचा, कोण आहे, तर मी म्हणायची, माझी बिडी. रात्री जेवणानंतरची बिडी सुटायला वेळ लागला. त्यासाठी मुलीला बोलावून समजावलं. ती आधी हिंदीतच बोलली, की मम्मी सुनती ही नहीं किसी की. मी तिला म्हटलं की तू बोलू नकोस, फक्त जेवण झाल्यावर आईला घेऊन चौकापर्यंत चालत जा. ती जाऊ लागली. डॉक्टरांकडे निकोटिनचे च्युइंगगम होते, तेही मी भांडून मागून घेतले. मावशीला त्यांची चव औषधी लागायची, पण ती चघळायची.

कामावरची बिडी मात्र काही केल्या सुटेना. मी विचारलं की ती सरळ सांगायची, "पेली." खोटं कधी बोलली नाही. गम दिला, तो तोंडात ठेवूनही प्यायली. लवंग दिली, वेलची दिली. बाकीच्या रेजांपासून लांब बस म्हटलं. काही उपयोग नाही. घरी जवळजवळ बंद, आणि साइटवर पूर्वीइतक्याच. मला कळेना की एकच बाई दोन ठिकाणी दोन माणसं कशी होते. तिला विचारलं तर म्हणायची, "तितं लागते." का लागते, ते सांगत नव्हती. मला वाटतं, ते सांगण्यासारखं आहे असंच तिला वाटत नव्हतं.

शेवटी मी तिच्या साइटवर गेले. वैशाली नगरात एका बिल्डरची घरं उभी राहत होती. उन्हाळा नुकताच सुरू झाला होता. समोरच्या एका बंगल्याच्या फाटकाच्या सावलीत मी उभी राहिले. रेजा टोपलीत विटा रचून बांबूच्या पायऱ्यांवरून वर जायच्या, रिकाम्या टोपल्या घेऊन उतरायच्या, पुन्हा भरायच्या. त्यातली एक तरुण मुलगी थकून भिंतीला टेकली आणि खाली बसली. मुकादम खुर्चीवरून ओरडला, "काबर बइठे हस?" का बसलीस म्हणून. ती गडबडीने उठली. थोड्या वेळाने मावशी खाली आली, टोपली बाजूला ठेवली, कमरेला खोचलेली बिड्यांची पुरचुंडी सोडली, बिडी पेटवली आणि त्याच भिंतीपाशी बसली. मुकादमाने पाहिलं आणि मान फिरवली. आणखी दोघी आल्या, त्यांनीही पेटवली, त्याही बसल्या. त्यांनाही कुणी उठवलं नाही. ती तरुण मुलगी तोवर दोनदा वर जाऊन आली होती.

मावशी बिडी ओढतसुद्धा नव्हती. एक-दोन झुरके घेतले आणि मग ती हातात धरून ठेवली. धूर आपला निघत होता, आणि ती भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून होती. बिडी बोटांपर्यंत आली तेव्हा तिने ती विझवली आणि उठली.

मी भर उन्हात स्कूटी चालवत परत आले. मला दिलेल्या सगळ्या प्रशिक्षणात फुप्फुसं होती, रक्तवाहिन्या होत्या, तलफ कशी येते त्याचे आलेख होते. साइटवर बिडी म्हणजे सुट्टी आहे, आणि ती पिणाऱ्यालाच मिळते, हे कुठेच नव्हतं. त्या तरुण मुलीला बसायचं असेल तर तिला बिडी शिकावी लागणार होती. आणि ती शिकणारच होती.

संध्याकाळी मावशी आली तेव्हा मी पाहिलेलं सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग? मी का सांगून राहिली होती? तितं लागते."

मी म्हटलं की मी मुकादमाशी बोलते, नाहीतर बिल्डरशी बोलते, नाहीतर लेबर ऑफिसात अर्ज देते. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तू मधात पडू नको." त्या दिवसापासून ती मला तू म्हणायला लागली. "तू बोलशीन तं थो म्हनीन मॅडमनं शिकवलं. मी बसीन. बिडी न पेता बसीन. पायतो मी, काय करते थो."

आता घाबरायची पाळी माझी होती. तिचं काम गेलं तर? दम्याचं औषध, घर, मुलगी, सगळं त्या टोपलीवर होतं. मी तिला हे सगळं बोलून दाखवलं. तिने मला विचारलं की बिडी सोडायची तुला घाई आहे की मला? मी म्हटलं, तुमाले. "मंग चूप ऱ्हाय," ती म्हणाली.

मग आम्ही त्याचा सराव केला. हे आठवलं की मला अजून हसू येतं. माझ्या खोलीत ती जमिनीवर भिंतीला टेकून बसायची, आणि मी खुर्चीवर बसून मुकादम व्हायची. मी ओरडायची, "काबर बइठे हस?" ती म्हणायची की तुझी छत्तीसगढी टाउनशिपवाल्यांची आहे, याला कुत्रंही भिणार नाही. मग स्वतःच आवाज काढून दाखवायची, हसायची, हसता हसता खोकायची. काय उत्तर द्यायचं ते आम्ही ठरवत होतो. मी लांबलचक वाक्यं सुचवत होते, हक्क वगैरे शब्दांची. तिने सगळी ऐकून घेतली आणि एकही घेतलं नाही.

ज्या दिवशी बसायचं ठरलं त्या दिवशी तिने मला येऊ दिलं नाही. मी दवाखान्यात होते आणि माझं कशात लक्ष नव्हतं. एका ऑटोवाल्याला मी तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते. संध्याकाळी ती आली आणि झालं ते सगळं मला सांगितलं.

दुपारच्या आधी, नेहमीच्या वेळी, ती त्याच भिंतीपाशी बसली. बाकीच्यांनी बिड्या पेटवल्या, तिने पेटवली नाही. मुकादमाला आधी कळलंच नाही. मग त्याने पाहिलं आणि विचारलं की बिडी संपली का, घे माझ्याकडची. ती नको म्हणाली. मग ऊठ, तो म्हणाला. ती उठली नाही. तो खुर्चीवरून उठून तिच्यापुढे येऊन उभा राहिला आणि ओरडला. तेव्हा तिने त्याला हिंदीत सांगितलं, "बीडी पीने में जितना टाइम लगता था, उतना ही बैठूँगी. एक मिनट ज्यादा नहीं."

 बाकीच्या बाया धूर काढायचं विसरून पाहत होत्या. शेवटी मुकादम म्हणाला की उद्यापासून येऊ नकोस. मावशी म्हणाली, ठीक. आणि बसून राहिली. बिडी संपायला लागला असता तेवढा वेळ झाल्यावर उठली, टोपली भरली, आणि दिवस बुडेपर्यंत विटा वाहिल्या.

"उद्या जाणार?" मी विचारलं.

"जाईन नं. कावून नाही जाणार?"

ती गेली. मुकादमाने सगळ्यांची नावं घेतली, तिचं घेतलं नाही. ती थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. त्या संध्याकाळी ती माझ्यापुढे बसली तेव्हा तिच्या अंगाला बिडीचा वास होता. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "पेली. रागात पेली. दोन पेल्या." मी तिच्यासाठी चहा मागवला. मला वाटत होतं की मी या बाईचं नुकसान केलं. तसं मी बोलूनही गेले. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "तुह्यामुळं काही झालं नाही. मी बसली, मी बसली म्हनून त्यानं काढलं. माह्या बसन्यात तुले वाटा नाही भेटनार."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना हे कळलं. त्यांनी सहानुभूतीनेच म्हटलं की पाहा मॅडम, काम गेलं आणि बिडी परत सुरू झाली. मी म्हणत नव्हतो?

मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते आणि बाहेर रांग होती. मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी दोनदा परत ओढली होती. सेक्टरमध्ये कुणी म्हटलं नाही की मी म्हणत नव्हतो. सगळे म्हणाले, उद्यापासून पुन्हा. तुम्हीही तेवढंच म्हणा, नाहीतर काही म्हणू नका." माझा आवाज चढला असावा, कारण रांगेतली माणसं आत डोकवायला लागली.  डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

सुपेल्यात सकाळी मजुरांची चावडी भरते. ज्याला माणूस हवा तो येतो, बोलणी करतो आणि घेऊन जातो. मावशी तिथे जाऊन उभी राहू लागली. काही दिवस कुणी नेलं नाही. तिचा खोकला ऐकून लोक पुढे सरकायचे. त्या दिवसांत मी रोज सकाळी दवाखान्यात जायच्या आधी चावडीवर थांबायची. सल्ला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. नुसती तिच्याशेजारी उभी राहायची. एकदा एक ठेकेदार मलाच विचारून गेला की येणार का. मावशी त्यावर दिवसभर हसली असेल. बिडी तिने पुन्हा बंद केली होती, आणि यावेळी चावडीवर, जिथे तिच्या दोन्ही बाजूला लोक बिड्या पीत उभे असायचे.

मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीने तिला घेतलं. घरांच्या फरशीचं काम करणारा माणूस होता, चार-पाच जणांची टोळी. टोपली उचलायच्या आधी मावशीने त्याला सांगितलं की मी बिडी पीत नाही, पण मधात बसते, पटत असेल तर ने. मिस्त्री म्हणाला की बसत नाही ती बाई काम काय करणार. एवढ्या सहज झालं ते. मला त्याचा आनंद झाला आणि रागही आला, की जे एका माणसाला इतकं सोपं होतं ते दुसऱ्याला का नव्हतं.

त्यानंतर तिची बिडी पुन्हा सुरू झाली नाही. फुप्फुसं मात्र नवी झाली नाहीत. जिना चढताना ती अजूनही मधे थांबते. पण रात्री झोप लागते, आणि खोकला आता तिच्या मागून येतो.

पावसाळा संपता संपता माझ्या दारात ती भिंतीपाशी पाहिलेली तरुण मुलगी उभी होती. तिने तोवर बिडी धरली होती, नुकतीच. तिला कुणी पाठवलं ते विचारायची गरज नव्हती. ती म्हणाली की मावशी म्हणते, बिडी न पिता बसता येतं, तसं मलाही शिकवा. पुढे तिच्या सोबतच्या दोघी आल्या. त्या साइटवर मग असं होऊ लागलं की एकीऐवजी तिघी-चौघी एकदम बसायच्या, बिडीशिवाय, आणि सगळ्यांनाच काढून टाकलं तर विटा कोण वाहणार, म्हणून मुकादम त्यांच्याकडे पाठ करून फोनवर बोलत राहायचा.

ट्रस्टला याची कुणकुण लागली. दरवर्षी देणगीदारांसाठी एक कार्यक्रम असायचा. सेक्रेटरींनी मला बोलावलं. अचानक त्यांना मावशीचा अभिमान वाटू लागला होता. तिला शाल-श्रीफळ देऊ, ती दोन शब्द बोलेल की दवाखान्यामुळे माझं आयुष्य सुधारलं. प्रमुख पाहुणा तोच वैशाली नगरवाला बिल्डर होता. तो ट्रस्टला नेहमी देणगी द्यायचा. मी मावशीला विचारलं तेव्हा वाटलं होतं की ती नाही म्हणेल. पाहुणे कोण ते ऐकल्यावर ती म्हणाली, "येतो."

ती नवी साडी नेसून आली. मुलगी सोबत होती, आणि आईपेक्षा तीच जास्त घाबरली होती. शाल घेतली, नारळ घेतला, माइकसमोर उभी राहिली.  तिने थोडं खोकून घसा साफ केला आणि हिंदीत, कुणालाही कळेल अशा सोप्या हिंदीत, पाहुण्यांकडे वळून सांगितलं की साहेब, बिडी मी सोडली, ते माझं काम होतं, मी केलं. तुमच्या साइटवर बिडी पिणारीला बसू देतात, न पिणारीला उठवतात. ते बदलायचं काम तुमचं आहे. एवढं बोलून ती खाली उतरली आणि आपल्या जागेवर बसली.

पुढच्या रांगांतून टाळ्या वाजल्या नाहीत. मागे बसलेल्या बायांनी वाजवल्या, पण त्या उशिरा. बिल्डर उठून म्हणाला की आम्ही नक्की लक्ष घालू. डॉक्टर पहिल्या रांगेत होते. ते खाली मान घालून होते, पण मी पाहिलं, त्यांना हसू आवरत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. हे तुम्ही शिकवलं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "पण शिकवायला जमलं असतं, तर शिकवलं असतं," हेही म्हटलं. पुढच्याच सोमवारी माझी खोली शुगर तपासणीला गेली.

मला वाटतं, त्यांना अपेक्षा होती की मी राजीनामा देईन. मी अंगणात बदामाच्या झाडाखाली एक बाक टाकला आणि तिथे बसायला लागले. उन्हात सावलीबरोबर बाक सरकवते, पावसात औषधांच्या खिडकीच्या छपराखाली घेते. खोलीत माणसं एकेक यायची. इथे जो औषधाला थांबतो तो ऐकतो, आणि ऐकता ऐकता स्वतःचं बोलायला लागतो. डॉक्टर अजूनही म्हणतात की हे लोक सोडत नाहीत. तरी आता चिठ्ठीच्या खाली लिहितात, झाडाखाली भेटा. मी त्यांना यावरून कधी चिडवलं नाही, आणि त्यांचं म्हणणं मानलंही नाही.

बिल्डरने लक्ष घातलं की नाही, मला ठाऊक नाही. साइटवर दुपारी सगळ्या बायांना बसू देतात असं ऐकते. मावशीचं म्हणणं, त्याने काही केलं नाही, बाया बसल्या म्हणून बसू देतात.

सध्या माझ्याकडे एक ऑटोवाला आहे. दोन लेकरांचा बाप, बोलायला गोड, आणि तीनदा सोडून तीनदा परत सुरू केलेला. शेवटच्या वेळी माझ्यासमोर आला तेव्हा त्याने शर्टाचा खिसा उलटा करून दाखवला की बघा, रिकामा आहे, आणि बिडी कानामागे होती. मी ती तिथून काढून घेतली तेव्हा आम्ही दोघंही हसलो. डॉक्टर म्हणतात, याच्यावर वेळ घालवू नका. त्याला उद्या सकाळी बोलावलं आहे. आला नाही, तर ऑटो स्टँडवर मी जाणार आहे.